फाशीचा तुरुंग एक, पण माणसे एक नव्हेत!

सोलापूरहून रोज सकाळी पुण्याला जाणाऱ्या गाडीचे नाव हुतात्मा एक्सप्रेस. उच्च न्यायालयाच्या, आयोगाच्या कामासाठी आम्ही या गाडीने कितीदा तरी गेलो आहोत. ज्यांच्या स्मरणार्थ हे नाव आहे, ते मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन हे चौघे त्याच पुण्याच्या येरवडा तुरुंगात १२ जानेवारी १९३१ रोजी फासावर गेले. याच तुरुंगात २१ नोव्हेंबर २०१२ रोजी अजमल कसाब यालाही फाशी झाली. आमच्याकडे वकिली शिकणाऱ्या वस्तीतल्या एका मुलाने एकदा विचारले, "साहेब, दोघांनाही कोर्टानेच खुनी ठरवले. मग एकाचा पुतळा आणि दुसरा दहशतवादी, हे ठरवले कुणी? जो जिंकला त्याने?"

प्रश्न पोराचा असला तरी पोरकट नाही. चळवळीतल्या प्रत्येकाने त्याचे उत्तर स्वतःला दिले पाहिजे. कारण हा शिक्का उद्या कुणाच्या कपाळावर बसेल याचा नेम राहिलेला नाही.

आधी सोलापूरचे पाहू. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली आणि हे गिरण्यांचे गाव पेटले. गोळीबार झाला, माणसे मेली, पोलीस चौकी व न्यायालय जाळले गेले. त्यात पोलीसही मारले गेले. सरकारने लष्करी कायदा पुकारला आणि पोलिसांच्या खुनाबद्दल चौघांना फासावर चढवले. येथे आम्ही एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो. मेलेले ते पोलीसही गरिबाचीच लेकरे होती आणि त्यांचे मरण ही क्रांती नव्हे. सोलापूरने पुतळे उभारले ते त्या आगीचे नव्हेत. या चौघांनी ते खून केले हे या शहराने कधी मान्यच केले नाही. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा आणि एक मुसलमान परक्या सत्तेला भिडले आणि एकाच दिवशी फासावर गेले, त्या एकजुटीचे ते पुतळे आहेत.

आता कसाबचे पाहा. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ माणसे मारली गेली. रेल्वे स्थानकावर गाडीची वाट पाहत गाठोड्यावर बसलेल्या माणसाने कुणाचे राज्य हिरावले होते? मेलेल्यांत हिंदू होते, मुसलमानही होते. मारणाऱ्याला त्यांचे नाव ठाऊक नव्हते आणि ठाऊक करून घ्यायचेही नव्हते. त्याला हवी होती फक्त दहशत. फरक नेमका येथे आहे. दहशतवाद्याला माणूस दिसत नाही, त्याला प्रेत दिसते. क्रांतिकारकाला व्यवस्था दिसते, आणि त्या व्यवस्थेखाली चिरडलेला माणूस दिसतो.

भगतसिंगांनी ८ एप्रिल १९२९ रोजी दिल्लीच्या विधिमंडळात बॉम्ब टाकला तो कुणी मरू नये अशा बेताने. टाकून ते पळाले नाहीत, स्वतःला अटक करवून घेतली आणि कोर्टात उभे राहून आपली भूमिका जगाला सांगितली. त्यांच्या फाशीनंतर बाबासाहेबांनी 'जनता'त 'तीन बळी' हा अग्रलेख लिहिला, हे आमच्या वाचकांना माहीत आहे. पण सॉण्डर्सचा खून बाबासाहेबांचा मार्ग होता काय? नव्हता. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी रक्तरंजित क्रांतीचे मार्ग सोडून देण्यास बजावले. काठमांडूत २० नोव्हेंबर १९५६ रोजी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना त्यांनी साधनाचाच प्रश्न कळीचा मानला.

मग आमची क्रांती कोणती? २० मार्च १९२७ ची महाडची. चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावला एवढ्यासाठी जेवायला बसलेल्या आपल्या माणसांवर लाठ्या चालल्या. बाबासाहेबांनी एक शब्द उच्चारला असता तर महाड पेटले असते. त्यांनी आपल्या माणसांना आवरले. सांगा, त्या दिवशी महाडमध्ये दहशत कुणी माजवली आणि क्रांती कुणी केली? पण लाठी चालवणाऱ्याला या देशाच्या भाषेत कधी दहशतवादी म्हटले गेले नाही. त्याला 'धर्माभिमानी' म्हटले गेले!

शिक्का मारण्याची ही रीत जुनी आहे. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये पारधी, कैकाडी, भामटा समाजाला तारेच्या कुंपणात डांबले गेले ते कायद्याने ठरवले म्हणून. जन्मलेले मूल गुन्हेगार! १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण वृत्ती गेली नाही. आनंद तेलतुंबडे यांना १४ एप्रिल २०२० रोजी, भीमजयंतीच्याच दिवशी, अटक झाली. दहशतवादी कृत्याचा पुरावा प्रथमदर्शनी दिसत नाही, असे उच्च न्यायालयाने म्हणेपर्यंत नोव्हेंबर २०२२ उजाडला. चौऱ्याऐंशी वर्षांचे फादर स्टॅन स्वामी तर ५ जुलै २०२१ रोजी जामिनाची वाट पाहतच गेले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर खटला न चालवताही माणसाला दहशतवादी घोषित करता येते. २०२५ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने जनसुरक्षेचा नवा कायदा संमत केला. त्याच वर्षीच्या जुलैत दहा दिवसांच्या अंतराने मुंबईच्या लोकल बॉम्बस्फोटांतील बारा आणि मालेगाव स्फोटातील सात जण निर्दोष सुटले. मेलेल्यांच्या घरच्यांनी आता कुणाकडे बोट दाखवायचे? शिक्का घाईने मारता येतो, पुरावा घाईने उभा राहत नाही.

म्हणून त्या मुलाला आम्ही सांगितले की, बाबा, जो जिंकतो तो ठरवत नाही. तीन प्रश्न विचार. कुणासाठी? कुणाला मारून की कुणाला जगवून? आणि केल्याची जबाबदारी उघड्या तोंडाने घेतोस का? या तीन प्रश्नांना जो उतरतो तो क्रांतिकारक, मग सरकार त्याला काहीही म्हणो. जो उतरत नाही तो दहशतवादी, मग त्याच्या हातात हिरवा, भगवा, लाल किंवा आपला निळा झेंडा का असेना!

हे शेवटचे वाक्य आपल्यातल्या काहींना टोचेल. टोचू द्या. रागाच्या भरात एसटी जाळणारा पोरगा क्रांतिकारक होत नाही, तो फक्त केसमध्ये अडकतो. त्याची आई आमच्या टेबलासमोर येऊन रडते आणि व्यवस्थेला हवे तेच होते. त्या पोराच्या हाती दगडाऐवजी कायद्याचे पुस्तक देणे, हेच आज महाडचे काम आहे.