वेदीजवळ मुलींनी जावं की नाही?



मागच्या महिन्यात मिस्सा संपल्यावर माझ्या भाचीनं विचारलं, “मावशी, दादा घंटी वाजवतो, मेणबत्ती धरतो. मग मी काहून नाही?” पोरगी दहा वर्षांची. मिस्सातली सगळी उत्तरं तिला पाठ. मी काही बोलायच्या आत शेजारच्या एक बाई म्हणाल्या, “पोरींनी वेदीजवळ जायचं नसते, चर्चचा नियमच आहे.”

असा नियम आज नाही. एकेकाळी होता. १९८० साली रोमनं स्त्रियांना वेदीसेवेची मनाई केली होती. १५ मार्च १९९४ च्या पत्रानं वाट मोकळी झाली. मात्र मुलींना घ्यायचं की नाही, हे त्या-त्या बिशपनं ठरवायचं. बिशपनं परवानगी दिली तरी फादरांवर सक्ती नाही, हे २००१ मध्ये स्पष्ट झालं. आणि जानेवारी २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी वाचक व वेदीसेवक या पदांवरची कायमची नेमणूकसुद्धा स्त्रियांना खुली केली.

दुसरी बाजूही मला ठाऊक आहे. वेदीसेवेतून मुलांना फादर होण्याची ओढ लागते, मुली पुढे आल्या की मुलं मागं सरकतात, असं म्हणणारे माझ्या घरातच आहेत. १९९४ च्या पत्रानंही मुलांची परंपरा जपायला सांगितलं आहे. हा मुद्दा प्रामाणिक आहे, त्यावर बसून बोलता येईल.

पण बाहेर आल्यावर त्याच बाई हळूच म्हणाल्या, “आता लहान आहे, उद्या पाळी येईल, मग?” खरं कारण हे निघालं! हा विटाळ आपल्या घराच्या ओसरीवरून चर्चमध्ये आला आहे. बारा वर्षं रक्तस्राव सोसणाऱ्या बाईनं गर्दीत येशूच्या वस्त्राला हात लावला, तेव्हा त्यानं तिला दूर लोटलं नाही. ‘मुली’ म्हणून हाक मारली आणि बरी करून शांतीनं पाठवलं. हे वाचन आपण कितीदा ऐकलंय!

फादर नाही म्हणाले तर मी मान्य करीन, भाचीचीही समजूत घालीन. तो अधिकार त्यांचा आहे. पण त्यांना विचारायच्या आधीच पोरीला आपणच परत पाठवू नये, आणि विटाळाला चर्चचा नियम म्हणू नये. येत्या रविवारी आम्ही दोघी फादरांना विचारणार आहोत.

– एक वाचक भगिनी, तिगाव