उत्तर सांगू नका

वैनगंगेकाठच्या बालाघाटात कित्येक मुलांची शाळा हिंदी, घर मराठी. रात्री गणिताची वही उघडली की आई-बाबा उत्तरच सांगून मोकळे होतात. (दिवसभर राबलेल्यांना दोष तरी काय द्यावा!) त्यापेक्षा देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांच्या 'हर्षद' संख्या घ्या: स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या. ३६ मध्ये ३ + ६ = ९, आणि ९ हा ३६ चा विभाजक. ३५ ला ८ ने भाग जात नाही, ती बाद. आता १० ते ९९ मुलालाच तपासू द्या. ९० पैकी २३ सापडतील. म्हणजे डोळे मिटून चिठ्ठी उचलली, तर हर्षद निघण्याची संभाव्यता २३/९०. विभाजक आणि संभाव्यता, दोन्ही धडे एकाच पानावर. २२ वरच गाडी अडली, तर राहिलेली संख्या सांगू नका. आमचा कयास: ८४.