मनातली रंगीत तालीम

'मन चिंती ते वैरी न चिंती' ही म्हण ज्या कुणी केली असेल, ती बाईच असणार असं मला नेहमी वाटतं. कर्जत लोकल अर्धा तास उशिरा आली आणि मुलाचा फोन लागला नाही, की आपल्या डोळ्यांपुढे काय काय येतं! गर्दी, दारात लटकलेला मुलगा, हॉस्पिटल, पोलीस... दहा मिनिटांत अख्खा सिनेमा तयार. बरं, तो नुसता मनात राहत नाही. छातीत धडधडतं, तळहात ओले होतात, घशाला कोरड पडते. 'बॅटरी संपली होती गं' म्हणत चिरंजीव चपला काढतात, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडतो. घडलेलं काहीच नसतं, पण शरीराने मात्र सगळं भोगलेलं असतं.

मैत्रिणींनो, मनातल्या चित्राची ही ताकद आपण बहुतेक वेळा काळजी करण्यातच खर्च करतो. खेळाडू मात्र तीच ताकद कामाला लावतात. सामन्याआधी डोळे मिटून ते आपला खेळ मनातल्या मनात खेळून घेतात. नाटकाआधी रंगीत तालीम होते ना, तशी ही मनातली तालीम.

महाराष्ट्रात हा विषय खेळाडूंपर्यंत आणि सामान्य वाचकांपर्यंत नेला तो नाशिकच्या भीष्मराज बाम यांनी. पोलीस खात्यात मोठ्या पदांवर काम केलेला हा माणूस पुढे खेळाडूंच्या मनाचा प्रशिक्षक झाला. पातंजल योगसूत्रांचा अभ्यास आणि मैदानावरचा अनुभव यांची त्यांनी सांगड घातली. अंजली भागवत, गगन नारंग यांच्यासारख्या नेमबाजांना त्यांचं मार्गदर्शन मिळालं. २०१७ साली ते गेले, पण त्यांचं 'मार्ग यशाचा' हे पुस्तक आजही घराघरात वाचण्यासारखं आहे.

नेमबाजीत मनाला एवढं महत्त्व का, हे समजून घ्यायला आपल्या रायगड जिल्ह्यातलंच उदाहरण पुरेसं आहे. दहा मीटर एअर रायफलमध्ये 'दहा' गुणांचा ठिपका असतो फक्त अर्ध्या मिलिमीटरचा! पनवेलच्या सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत, पात्रता फेरीत ४०० पैकी ४०० गुण मिळवले. म्हणजे चाळीसच्या चाळीस नेम अचूक. इथे दंडातली ताकद किती पुरणार? मन हललं की हात हलला. म्हणूनच नेमबाज छर्रा न भरतासुद्धा तासन्‌तास नेम धरून उभे राहतात. प्रत्येक नेम आधी मनात लागतो, मग कागदावर. पुढे प्रशिक्षक झालेल्या याच सुमाताईंच्या हाताखाली अवनी लेखराने टोकियो (२०२१) आणि पॅरिस (२०२४) अशा दोन पॅरालिम्पिकमध्ये सुवर्णपदक मिळवलं.

हे सगळं श्रद्धेचं बोलणं नाही हं. १९९५ मध्ये अल्वारो पास्कुअल-लिओने या मेंदूतज्ज्ञाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. पियानो कधीच न वाजवलेल्या माणसांना पाच बोटांचा एक साधा धडा दिला. एका गटाने पाच दिवस, रोज दोन तास तो खरोखर वाजवला. दुसऱ्या गटाने पियानोसमोर बसून, बोट न हलवता, फक्त मनात वाजवला. मेंदूचा जो भाग बोटं हलवतो, त्यात दोन्ही गटांत सारखाच बदल दिसला! मनात वाजवणाऱ्यांचं वादनही पाच दिवसांनी खऱ्या गटाच्या तिसऱ्या दिवसाइतकं सुधारलं होतं.

आता इथेच खरी मेख आहे. मनात नेमकं काय पाहायचं?

आमच्या बचत गटातल्या एका बाईने मध्यंतरी पंधराशे रुपये भरून दहावीतल्या लेकीला एका शिबिराला पाठवलं. तिथे मुलांना सांगितलं, 'डोळे मिटा, नव्वद टक्क्यांची मार्कशीट बघा, पेढे वाटताना बघा, तसंच होणार!' २००६ मध्ये 'द सिक्रेट' नावाचं पुस्तक आलं, तेव्हापासून अशा शिबिरांना ऊतच आला आहे. हवं ते मनात धरा, विश्व तुम्हाला आणून देईल म्हणे. आपल्या आजीने हे ऐकलं असतं तर एका वाक्यात निकाल लावला असता, 'बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी!' तो शेखचिल्लीही असंच स्वप्न बघत होता, आणि शेवटी मडकंच फोडून बसला.

आजीच्या बाजूने पुरावाही आहे. अमेरिकेत लिएन फाम आणि शेली टेलर यांनी परीक्षेच्या आधी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. तो १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना रोज थोडा वेळ चांगले मार्क मिळाल्याचं चित्र बघायला सांगितलं. काहींना आपण अभ्यासाला बसलोय, टीव्ही बंद केलाय, मित्राला 'नंतर येतो' म्हणतोय, असं बघायला सांगितलं. ज्यांनी अभ्यास 'पाहिला', त्यांनी तो जास्त केला आणि त्यांना मार्कही जास्त पडले. मला तर यात नवल वाटत नाही. पेढे मनातच खाऊन झाले, तर पुस्तक उघडायचं कशाला?

म्हणजे बघायचं ते पदक नव्हे, काम. आणि त्यातली अडचणसुद्धा. अमेरिकेचा जलतरणपटू मायकेल फेल्प्स याचे प्रशिक्षक बॉब बोमन त्याला रोज शर्यत मनात बघायला सांगत, सगळं बिघडलं तर काय करशील हेही बघायला लावत. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये दोनशे मीटर बटरफ्लाय शर्यतीत त्याच्या गॉगलमध्ये पाणी शिरलं. समोरचं काही दिसेना. तो घाबरला नाही. हाताचे फटके मोजत भिंत गाठली आणि विश्वविक्रमासह सुवर्णपदक घेतलं. 'माझं काही बिघडणारच नाही' असं घोकत बसला असता, तर काय झालं असतं?

आपल्या जुन्या बायकांना ही रीत ठाऊक होती असं मला वाटतं. मानसपूजा आठवा. डोळे मिटून बसलेली आजी मनात देवाला स्नान घालायची, गंध उगाळायची, एकेक फूल वाहायची, नैवेद्याचं पान वाढायची. क्रम चुकवायचा नाही, घाई करायची नाही. 'देव प्रसन्न झाला' इथून सुरुवात नाही. त्यातला भक्तिभाव ज्याचा त्याने बघावा, पण मन एकाग्र करायची ती रीत फार शहाणपणाची आहे.

आणि नोकरी-कामाच्या ठिकाणचं उदाहरण तर आमच्या कर्जतच्या फलाटावरच उभं असतं. कर्जतहून लोणावळ्याकडे गाडी चढते तो भोर घाट. सदतीस फुटांना एक फूट चढ, बोगदे, वळणं. चढताना मागे बँकर इंजिनं लावतात, हे इथल्या लहान पोरालाही माहीत असतं. नव्या ड्रायव्हरला अशा रस्त्यावर एकदम गाडी देत नाहीत. आधी जाणत्याबरोबर फेऱ्या मारून रस्ता पाठ करायचा. सिग्नल कुठे, चढ कुठे, वेग कुठे कमी करायचा, सगळं. रस्ता शिकलो अशी सही केल्यावरच गाडी हातात. पावसाळी रात्री धुक्यात पुढचं दिसत नाही, तेव्हा तो डोक्यातला घाट कामाला येतो.

हाच विचार आम्ही गटातल्या बायकांसाठी वापरून पाहिला. खालापूर तालुक्यात मोरबे धरण आहे, त्याचं पाणी नवी मुंबईला जातं, आणि आमच्याकडच्या कित्येक वाड्यांवर एप्रिल-मे महिन्यात बायकांच्या डोक्यावरचा हंडा काही उतरत नाही. ग्रामसभेत बोलायला हवं, हे सगळ्यांना पटतं. पण माईक हातात आला की पाय लटपटतात. मग आदल्या दिवशी मंदिराच्या ओट्यावर बसून डोळे मिटायचे. मी उठले, पदर सावरला, माईक घेतला, पहिलं वाक्य हे बोलले. कुणीतरी मागून हसलं. कुणीतरी म्हणालं, 'ताई, खाली बसा, पुढचा विषय घ्या.' मी बसले नाही. 'माझं पूर्ण होऊ द्या,' असं म्हणाले, आणि विहिरीचा मुद्दा लिहून घ्यायला लावला. दोन-तीनदा मनात असं बोलून झालं, की खऱ्या सभेत बाई उभी राहते. आवाज कापतो थोडा, पण राहते. टाळ्या आणि हारतुरे आम्ही कुणालाच बघायला सांगत नाही!

कुणाला घरी करून बघायचं असेल, तर फार काही लागत नाही. पाच-दहा मिनिटांची शांतता पुरे. चित्र बाहेरून, फोटोसारखं नको. आपण स्वतः ते काम करतोय असं आतून बघा. हाताला काय लागतं, कानावर काय येतं, श्वास कसा आहे, तेही आठवा. कबड्डी खेळणारी मुलगी असेल, तर तिने चढाईला निघतानाची माती पायाखाली जाणवून घ्यावी, कोपऱ्यातल्या खेळाडूने घोटा धरला तर मध्यरेषेकडे कशी झेपावेन तेही बघावं. काम जेवढा वेळ घेतं, तेवढाच वेळ मनातही द्यावा. आणि जे कधी केलंच नाही, ते आधी थोडं तरी शिकून घ्यावं. ज्याची चवच माहीत नाही, तो पदार्थ मनात कसा रांधणार?

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगायला हवी. त्या पियानोच्या प्रयोगात मनात वाजवणारे मागेच होते. शेवटी दोन तास प्रत्यक्ष पियानोवर बसायला मिळाले, तेव्हा कुठे त्यांनी दुसऱ्यांना गाठलं. ते दोन तास महत्त्वाचे. आमच्या कर्जत-खालापूरच्या वाड्यांमधल्या मुली डोंगर चढ-उतार करून शाळेत येतात, त्यांच्या पायांत वारा असतो. त्यांना जिद्द शिकवायला शिबिरवाल्यांची गरज नाही. त्यांना हवं सपाट मैदान, पायात नीट बूट, पोटात पुरेसं अन्न, आणि सातवी-आठवीनंतरही खेळू देणारं घर. हे न देता 'तू मनात जिंकल्याचं चित्र बघ' म्हणणं ही थट्टा आहे. उद्या ती हरली, तर 'तुझंच मन कमी पडलं' हा ठपका पुन्हा तिच्याच माथी!

मनातली तालीम फुकट आहे, ती प्रत्येकीने जरूर करावी. पण तालीम झाल्यावर रंगमंच लागतो, आणि तो ज्याचा त्याने मनात उभारायचा नसतो. तो घराने, शाळेने, ग्रामपंचायतीने उभारायचा असतो. सुरुवात घरापासूनच करू या. संध्याकाळी भांडी थोडा वेळ तशीच राहिली तरी चालतील. तेवढा वेळ लेकीला मैदानावर जाऊ द्या.