घाटात रेंज नाही, मग गाडीत रेडिओ का नाही?

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण पावसाळा तोंडावर आलाय आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांचं पोट महाड-पोलादपूरच्या रस्त्यांवर चालतं, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

माझं म्हणणं थोडक्यात असं. वरंधा, आंबेनळी या घाटांतून जाणाऱ्या प्रत्येक मालगाडीत, एसटीत आणि रुग्णवाहिकेत सीबी रेडिओ असायला हवा. तो नाही, आणि त्याचं कारण पैसा नाही की तंत्रही नाही. परवानगी आहे हे सांगायचं काम ज्यांचं, ते गप्प आहेत.

२ ऑगस्ट २०१६ ची रात्र महाडकरांना सांगावी लागत नाही. सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल गेला, दोन एसटी आणि इतर गाड्या पाण्यात गेल्या. पुढे पूल उरला नाही हे मागच्या ड्रायव्हरला कळायला काही मार्गच नव्हता. वाहतूक थांबली ती पुलाजवळच्या गॅरेजवरच्या माणसांनी धावपळ करून थांबवली म्हणून. राष्ट्रीय महामार्गावरची धोक्याची सूचना म्हणजे काय, तर भर पावसात हात हलवणारा माणूस! त्या माणसांना सलाम. पण व्यवस्थेचं काय?

जुलै २०१८ मध्ये आंबेनळीत दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली. जो एकजण वाचला तो दरी चढून वर आला तेव्हा जगाला खबर लागली. जुलै २०२१ च्या पुरात महाडची वीज गेली, मोबाईल गेले, आणि तळिये दरडीखाली गेलं. तीनही वेळा रेडिओने सगळे वाचले असते असा दावा मी करत नाही. पण तीनही वेळा खबर माणसाच्या पायांवर अवलंबून होती, हे तरी मान्य करा.

आता सीबी म्हणजे काय. सिटिझन्स बँड, म्हणजे सामान्य नागरिकासाठी ठेवलेला रेडिओपट्टा. ना टॉवर, ना सिमकार्ड, ना महिन्याचं रिचार्ज. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. त्या चॅनेलवर आसपास जे कुणी असतील ते सगळे ऐकतात. फोन एकाच माणसाला लागतो आणि त्यासाठी त्याचा नंबर ठाऊक असावा लागतो. वळणापलीकडून येणाऱ्या अनोळखी ट्रकचा नंबर तुमच्याकडे आहे का? अमेरिकेत १९७३ च्या तेलटंचाईनंतर ट्रकवाल्यांनी हाच रेडिओ घरोघरी पोचवला. तिथे ९ नंबरचं चॅनेल आणीबाणीसाठी राखीव आहे, आणि १९ वर आजही ट्रकवाले बोलतात. ऑस्ट्रेलियात तर शेतकऱ्याच्या गाडीतसुद्धा सीबी असतो.

"आपल्याकडे हे बेकायदेशीर आहे," असं तुम्हाला नाक्यावर सांगतील. ऐकू नका. २००५ च्या केंद्राच्या नियमांनुसार २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात ५ वॅटपर्यंतच्या उपकरणाला परवाना लागत नाही. हॅम रेडिओसारखी परीक्षाही नाही. उपकरण मान्यताप्राप्त हवं आणि दुसऱ्याच्या सेवेत व्यत्यय येता कामा नये, एवढंच. एक मेख मात्र लक्षात ठेवा. बाहेरून येणाऱ्या सेटवर ४० चॅनेल असतात, आपल्या पट्ट्यात पहिली २७ च बसतात. २८ वं चॅनेल २७.२८५ वर आहे, म्हणजे केसभर बाहेर. ९ आणि १९ दोन्ही आपल्या हद्दीत येतात.

खरा घोळ पुढे आहे. सेट गाडीत बसवला, टपावर अँटेना लावली, तर ती याच सवलतीत बसते की नाही, हे कुणी स्पष्ट सांगत नाही. गेल्या वर्षी एका नाक्यावर माझ्या पिकअपमधला सेट पाहून मला तासभर उभं केलं. नियमाची छापील प्रत दाखवली तर उत्तर मिळालं, "हे आम्हाला वरून आलेलं नाही." वर म्हणजे कुठे? दोन कार्यालयांत लेखी विचारलं. एकाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने पहिल्याकडे. टोलवाटोलवीत आपले लोक पटाईत.

आणि या गप्प बसण्याचा परिणाम बघा. सरळ मार्ग माहीत नाही म्हणून पोरं ऑनलाइन स्वस्तातले वॉकीटॉकी मागवतात. त्यातले कित्येक पोलिसांच्या आणि इतर राखीव लहरींवरही बोलू शकतात. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने असे सेट विकणाऱ्या ऑनलाइन कंपन्यांना नोटिसा दिल्या. बरोबरच केलं. पण कायदेशीर सेट कोणता, हे गावातल्या ड्रायव्हरला कोण सांगणार?

बसवणं अवघड नाही, फक्त नीट करावं लागतं. वायर थेट बॅटरीवरून घ्यायची आणि बॅटरीजवळच फ्यूज टाकायचा, लायटरच्या सॉकेटचा भरवसा नको. मोठ्या ट्रकला २४ व्होल्ट असतात आणि सेट १२ चा, म्हणजे मध्ये कन्व्हर्टर हवाच, नाहीतर पहिल्याच दिवशी धूर. या लहरीला पूर्ण पाव-लांबीची अँटेना पावणेतीन मीटरची होते, म्हणून गाडीला बुडाशी कॉइल असलेली आखूड अँटेना लावतात. ती टपाच्या मध्यावर चांगली, कारण खालचा पत्रा तिचं अर्धं काम करतो. केबल दारात चिमटू द्यायची नाही. मग एसडब्ल्यूआर मीटर लावून अँटेनाची लांबी जुळवायची. आकडा दीडच्या आत आला की उत्तम, तीनच्या वर गेला तर बोलू नका, सेट जळेल. अँटेना जोडल्याशिवाय तर बटणाला हातही लावू नका.

आणि माइक वळणावर उचलायचा नाही. गाडी चालवताना हातात धरायची संपर्कसाधनं वापरायला मोटार वाहन कायद्यात मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. बोलायचं ते क्लीनरने, नाहीतर गाडी बाजूला घेऊन. ड्रायव्हरने ऐकलं तरी पुष्कळ.

"वाळूवाले वापरतील, आरटीओ चुकवायला वापरतील," हा नेहमीचा आक्षेप. अहो, त्यांचे व्हॉट्सॅप ग्रुप आजही जोरात चालू आहेत. आणि ते ग्रुप पोलिसांना दिसत नाहीत, सीबी मात्र कुणालाही ऐकू येतो. चोराला चव्हाट्यावर बोलायला लावणारं यंत्र चोराच्या काय कामाचं?

"टॉवर होणारच आहेत," हा दुसरा. होऊ द्या, स्वागत आहे. पण वीज गेली, बॅटरी उतरली की टॉवर मुका. २०२१ ला आपण ते भोगलंय. सीबीलाही मर्यादा आहेत. मोकळ्या रस्त्यावर गाडी ते गाडी पाच-सात किलोमीटर, घाटात डोंगर आडवा आला की दोन-तीनसुद्धा. पण दरड पडलेल्या वळणाच्या अलीकडची गाडी थांबवायला एक किलोमीटर पुरतो.

म्हणून मागण्या चारच आहेत.

एक, टपावरच्या अँटेनासकट काय चालतं आणि काय नाही, हे मराठीत एका पानावर लिहून जिल्हा प्रशासनाने जाहीर करावं. केंद्राला विचारायचं असेल तर त्यांनी विचारावं, ड्रायव्हरने का?

दोन, घाटांसाठी एकच चॅनेल ठरवावं आणि दोन्ही टोकांना पाटी लावावी. ९ ठेवा, जगभर ओळखीचं आहे.

तीन, महाड, पोलादपूर आणि भोरला पावसाळ्याचे चार महिने रात्रंदिवस ऐकणारा एकेक सेट ठेवावा. घाटमाथ्यावरच्या टपरीवाल्यालाही एक द्या. कोण अडकलंय, कुठे माती येतेय, हे त्याला सगळ्यांच्या आधी कळतं.

चार, नाक्यावरच्या शिपायापर्यंत हा कागद पोचवावा.

यात पुलाच्या एका खांबाइतकाही खर्च नाही. नवा सावित्री पूल वर्षाच्या आत उभा राहिला, म्हणजे मनात आणलं तर सरकारला जमतं.

आता तुमचं काम. कोणत्या घाटात कोणत्या वळणावर रेंज जाते, जवळची खूण कोणती, हे कमेंटमध्ये लिहा. देऊळ, मोरी, किलोमीटरचा दगड, जे असेल ते. यादी मी करतो आणि निवेदनाला जोडून तहसीलदार कचेरीत देतो. पोच घेतल्याशिवाय परत येणार नाही. ज्यांना सोबत यायचंय त्यांनी तसं कळवा.