झबलं मागून आणावं

बाळ तीन महिन्यांत झबल्यातून बाहेर येतं, झबलं मात्र नव्यासारखंच राहतं. मग कपाटं भरतात आणि कुणीतरी म्हणतं, "देऊन टाका कुणा गरिबाला!" हे 'देऊन टाका' मला खटकतं.

आमच्या गिरगाव-लालबागच्या चाळींत झबली देऊन टाकत नसत, मागून आणत. ज्या घरचं मूल धडधाकट, त्या घरचं झबलं नव्या बाळासाठी मागायचं. पहिल्या दिवसांत कोरं कापड घालायचं नाही, असा रिवाजच होता. त्यात दृष्टीची भीती होती, तसं शहाणपणही होतं. पुष्कळदा धुतलेलं सुती कापड मऊ असतं, त्यातली खळ निघून गेलेली असते. मुख्य म्हणजे मागणाऱ्याला कमीपणा नव्हता. उलट ज्याच्याकडे मागायचं, त्या घराचा तो मान. एकच झबलं, टोपरं, दुपटं चार घरं फिरे. विरलं की त्याचं फडकं होई. मोठ्यांचे कपडे बोहारणीकडे जात. ती भांडी देई आणि कपडे धुऊन-सांधून विके. दानधर्म नाही, चोख व्यवहार! गिरण्यांच्या वस्तीत कापडाची किंमत सगळ्यांनाच ठाऊक होती.

आता ब्लॉकची दारं बंद, आणि मूल बहुधा एकच. मागायचं कुणाकडे? म्हणून देणारा वर आणि घेणारा खाली, अशी उतरंड झाली.

अंशू गुप्तांनी १९९९ साली दिल्लीत सुरू केलेल्या 'गूंज' संस्थेने ही उतरंड ओळखली. गावकरी विहीर खणतात, रस्ता दुरुस्त करतात आणि त्याचा मोबदला म्हणून कपडे घेतात. भीक म्हणून नाही. गुप्तांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आपल्याला एवढं मोठं काम नाही जमणार. पण तीन गोष्टी नक्की जमतील. कपडे वेळेवर द्यावेत, माळ्यावर पिवळे पडायच्या आत. धुऊन, उन्हात वाळवून, बंद आणि बटणं लावून द्यावेत. फाटकं कुणालाही देऊ नये, त्याचं घरीच फडकं करावं. आठवण म्हणून एखादी कुंची ठेवली तर पुरे.

आणि तिसरी, माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. घरी बाळ येणार असेल, तर पैसे असले तरी एक झबलं कुणाकडून तरी मागून आणावं. वरच्या मजल्यावरून, मैत्रिणीकडून, अगदी कामाला येणाऱ्या मावशींच्या नातवाचंही. ज्याने कधी मागितलं नाही, त्याला देताना समोरच्याचा मान राखणं कठीण जातं.

तुमच्या घरी काय करता? जरूर कळवा.