वीर स्टेशन कुणाचं?

महाडला ट्रेनने जाता येतं म्हटलं की हॉस्टेलवरची अर्धी पब्लिक विचारते, "महाडला स्टेशन आहे?" आहे की! फक्त बोर्डावर 'वीर' लिहिलंय आणि गाव तिथून दहा-बारा किलोमीटर लांब आहे.

मित्रांनो, बोरीबंदर ते ठाणे, १६ एप्रिल १८५३, हे आपण सगळ्यांनी घोकलंय. पण त्यानंतर रेल्वेला रोह्यापर्यंत पोचायला १९८६ साल उजाडलं, हे कुठल्या धड्यात होतं? तब्बल १३३ वर्षं! तोवर महाडकरांचं स्टेशन म्हणजे सावित्रीच्या खाडीवरचं दासगाव बंदर. डिसेंबर १९२७ च्या सत्याग्रह परिषदेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून बोटीने आले ते दासगावलाच उतरले. वीरहून महाडकडे निघालात की हेच दासगाव वाटेत लागतं. म्हणजे बोटीने जिथे उतरवलं, साधारण त्याच बाजूला रेल्वेनेही उतरवलं. पुढचं तुमचं तुम्ही बघा!

कोकण रेल्वे कॉर्पोरेशन १९९० साली स्थापन झालं, ई. श्रीधरन त्याचे प्रमुख. जून १९९३ मध्ये रोहा-वीर हा ४७ किलोमीटरचा तुकडा सुरू झाला. १९९५ मध्ये रूळ खेडपर्यंत जाईतो मुंबईकडून येणाऱ्याची कोकण रेल्वे वीरलाच संपायची. पूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ ला सुरू झाला आणि हे शेवटचं स्टेशन मधलं एक छोटं स्टेशन होऊन गेलं.

गाडी महाड गावात का नेली नाही, असं लोक चिडून विचारतात. इंजिनिअरिंगवाल्यांनी तरी चिडू नये. ताशी १६० किलोमीटर वेगासाठी आखलेला हा मार्ग. चढ १५० ला १ पेक्षा जास्त नको, वळणाची त्रिज्या १२५० मीटरपेक्षा कमी नको. एसटीसारखी गर्रकन वळून ट्रेन चवदार तळ्यापाशी येणार नाही. ती वीरनंतर सावित्री ओलांडते आणि सापे वामणे, करंजाडी, विन्हेरे करत नातुवाडीच्या चार किलोमीटरहून लांब बोगद्यातून खेडकडे निघून जाते. पोलादपूर बिचारं आत घाटाच्या पायथ्याशी राहतं.

तेव्हा आखणीवर माझा राग नाही. राग आहे तो नंतरच्या थंडपणावर. ऑगस्ट २०२१ मध्ये रोहा-वीर दुहेरी मार्ग पूर्ण झाला, २०२२ पर्यंत वीजही आली, तरी लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्या वीरला न थांबता धडधडत जातात. कोकण रेल्वेच्या मूळ भांडवलात महाराष्ट्राचा २२ टक्के वाटा होता. मग थांबा मागणं म्हणजे काय भीक मागणं आहे?

कुणी म्हणेल, नाव बदलून 'महाड रोड' करा. मला नाही पटत. वीर हे एका गावाचं नाव आहे, ते का पुसायचं? त्यापेक्षा बोर्डाखाली 'महाड, पोलादपूर, रायगडासाठी येथे उतरावे' एवढी एक ओळ रंगवा. खर्च किती, रंगाचा एक डबा!

आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, माणसं गेली. एकट्या हायवेवर विसंबणं किती महागात पडतं ते महाडइतकं कुणाला ठाऊक? पावसात रेल्वेही बंद पडते, कबूल. पण दोन वाटा असलेल्या बऱ्या. म्हणून वीरला थांबणाऱ्या प्रत्येक गाडीला जोडून महाड-पोलादपूरची एक बस हवी, आणि तिचं टाइमटेबल स्टेशनात लावलेलं हवं. गाडी लेट असेल तर बसनेही थांबायचं.