वादळातील मुक्काम

कात्रजच्या आगम मंदिरात जाणाऱ्या भाविकांना सिंहगडाकडे गेलेली डोंगररांग परिचित आहे. पुण्यातील गिर्यारोहक तेथे रात्रीही चालण्याचा सराव करतात. पुण्याच्याच ‘गिरिप्रेमी’ संस्थेच्या १० गिर्यारोहकांनी १५ मे २०१९ रोजी ८,५८६ मीटर उंचीचे कांचनजुंगा शिखर सर केले.

अशा उंचीवर वादळ उठले की तंबूतच थांबावे लागते. तरीही छतावरील बर्फ झाडणे, बर्फ वितळवून पाणी करणे व उरलेल्या इंधनाचा हिशेब मांडणे चुकत नाही. शेगडी पेटविताना झरोका उघडा ठेवावाच लागतो. अन्यथा वादळापूर्वी विषारी वायूच प्राण घेतो.

चातुर्मासात साधू-साध्वींचा विहार थांबतो, साधना थांबत नाही. मंदीत व्यापाऱ्यानेही घाबरून कर्जाने माल भरू नये. येणी वसूल करावीत, शिल्लक जपावी आणि आकाश निवळताच निघण्याची सिद्धता ठेवावी.